कूलरच्या झोतातलं थर्मामीटर
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मी राजूरच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पोचते. मे महिन्याची पेंगुळलेली दुपार, घरघरणारा कूलर आणि साफसफाईला आलेला, गावातली सगळी लग्नं पोटात साठवलेला फोटोग्राफरकाकांचा कॉम्प्युटर. तो सकाळपासून बंद होता, म्हणून सुरू करताच प्रोसेसरच्या चारही कोअरचं, म्हणजे आतल्या चार भागांचं, तापमान खोलीच्या जवळपास दिसायला हवं होतं. भिंतीवरचं थर्मामीटर सत्तावीस दाखवत होतं, चारही कोअरचे सेन्सर चाळीस. "सेन्सर गेलेत, प्रोसेसर बदलावा लागेल," मी ठासून सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होते ते उस्ताद मात्र हसले. "चौघं मिळून एकच खोटं बोलून राह्यले का? थर्मामीटर कुठं लटकवलं तू, बघ जरा." मी ते नेमकं कूलरच्या झोतात लटकवलं होतं. त्यांनी ते काढून कॉम्प्युटरशेजारी ठेवलं आणि आम्ही तिघं, त्या वासात गुंगल्यासारखे, लाल रेघ हळूहळू चाळिसाकडं चढताना बघत राहिलो. आता घरात चौघं एक बोलतात आणि मी एकटीच वेगळं, तेव्हा कुठूनसा तो वास येतो, आणि भांडायच्या आधी मी बघते, मी कुठल्या गारव्यात बसलेय.