इस्तंबूलची बोहनी

लातूरहून निघतानाच पोरानं मला बंदी घातली. "अण्णा, तिथं भाव करायचा न्हाई. पुण्याच्या मॉलात काढली तेवढी लाज लई झाली." ज्या घासाघिशीनं मुरुडच्या बाजारातल्या माझ्या भांड्यांच्या हातगाडीचं लातूरच्या गोलाईच्या बाजारपेठेत दुकान झालं, हाच पोरगा इंजिनिअर झाला, ती आता लाज! विमानात मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

पण इस्तंबूलला उतरलो आणि रुसवा टिकेना. दुकानादुकानांत मांजरं मालकासारखी गादीवर बसलेली. तिळाच्या पावाच्या कड्यांची चळत डोक्यावर घेऊन माणसं चढ चढत होती. लोंबत्या ताटलीत पेले घेऊन चहावाला पळत सुटलेला, आणि थेंब सांडत नव्हता! बाजारात तर मी येडाच झालो. तांब्याची भांडी, ठोक्यांचा आवाज, गिऱ्हाइकाला हाका. सगळी आपलीच दुनिया, आणि मी तोंडाला कुलूप लावून. पोरगा दुकानदार सांगेल तो भाव देत सुटला होता. एका तांब्याच्या हंडीवर माझा जीव जडला. भाव ऐकून मी नुसता "हंऽ" केलं, तर पोरानं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा झोपेत असतानाच मी त्या दुकानापुढं उभा राहिलो. शटर नुकतंच वर जात होतं. बोहनीचं गिऱ्हाईक कुठलाच दुकानदार रिकाम्या हातानं पाठवत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. त्याला मराठी येत नव्हती, मला तुर्की. बोटं, कॅल्क्युलेटर, कपाळावर हात! मी दोनदा निघून गेलो, त्यानं दोनदा ओढून आणलं. चहा आला. सौदा ठरला.

मी नोट दिली. त्यानं ती हनुवटीवर घासली आणि सरळ जमिनीवर फेकली.

माझं टाळकं सटकलं. "लक्ष्मी फेकतोस व्हय रे!" मी नोट उचलली, कपाळाला लावली, त्याच्या हातात कोंबली. तो हसला. पुन्हा हनुवटी, पुन्हा जमीन! मग वर आभाळाकडं बोट करून म्हणाला, "बेरेकेत!"

बरकत! अरे, ही तर त्याची बोहनीची रीत. मी पहिली नोट डोळ्यांना लावतो, हा जमिनीला दाखवतो. आम्ही दोघं इतके हसलो, की त्याचं मांजर उठून निघून गेलं.

पोरगा शोधत आला तेव्हा दुकानदाराच्या स्टुलावर बसून मी दुसरा चहा पीत होतो, हंडी मांडीवर. ठरलेली किंमत ऐकून त्यानं हंडी उलटीपालटी करून पाहिली. मग फळीवरचा एक दिवा उचलून हळूच म्हणाला, "अण्णा, याचा भाव विचारा की."

"न्हाई बाबा," मी चहा फुंकत म्हणालो, "मला बंदी हाय."

त्यानं पुन्हा एकदा विनवल्यावरच मी पेला खाली ठेवला.