बोया पाहण्याचे तास

मिसिसिपीच्या किनाऱ्यावर, जिथं खाडी कुठं संपते आणि आखात कुठं सुरू होतं हे पेलिकनांनाही धड सांगता यायचं नाही, तिथं डडली सोशेचा कारखाना होता. तेवीस माणसं, एक लांबलचक शेड आणि मागं पाइनच्या झाडीत चाचणीचं तळं. खोल समुद्रात नांगरून ठेवायचे, वारा आणि लाटा मोजणारे पिवळे बोये इथं बनत, आणि सगळेच्या सगळे सरकार घेई. व्हर्लीन निकेस एकोणतीस वर्षं त्या बोयांचा खर्च लिहीत आली होती.

करार असा होता, की कामाला जो खर्च येईल तो सरकार भरून देणार आणि वर ठरलेला थोडा नफा. हे ऐकून चर्चमधल्या बायका म्हणत, "मग काय बाई, तुमची चंगळच!" व्हर्लीन नुसती हसे. प्रत्येक खर्चाची तिला आधी झडती घ्यावी लागे. शहाण्या माणसानं हा केला असता का? तो याच कामासाठी झाला का? नियमांनी त्याला मनाई तर केलेली नाही ना? यातलं एकही उत्तर चुकलं, की तो खर्च डडलीच्या गळ्यात.

वसंतात डडली सगळ्यांना झिंग्यांसारखे क्रॉफिश उकडून घाली. दरवर्षी तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणे, "कामगारांचा हुरूप म्हणून लाव."

"क्रॉफिशचं बघते. बिअर मात्र नाही."

"अगं, बिअरशिवाय कसला आलाय हुरूप?"

"हुरूप येऊ द्या की! पैसे तुमच्या खिशातून."

त्या मार्चमध्ये सरकारची ऑडिटर आली. कॉर्डेलिया ब्रमफील्ड तिचं नाव. सडपातळ, सावकाश बोलणारी. कारखान्याची कॉफीसुद्धा घेत नसे, पाणी आणि सँडविच घरून आणी. तिसऱ्या दिवशी तिनं तासांचं एक पत्रक व्हर्लीनपुढं सरकवलं. एल्रे लॅडनर, वेल्डर. सहा दिवस, एकूण सेहेचाळीस तास, आणि कामाच्या रकान्यात सहाही दिवस दोनच शब्द: ‘बोया पाहिला.’

"सहा दिवस नुसता पाहिला?" तिनं विचारलं.

व्हर्लीनचे कान तापले. फोरमनची सही होती, बेरीज बरोबर होती, म्हणून तिनं ते पत्रक पुढं जाऊ दिलं होतं. "उद्या सांगते," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या तळ्यावर गेली. एल्रे तिथंच होता, उपड्या बादलीवर बसलेला. त्यानं शेजारची बादली तिच्याकडं ढकलली.

"बसा मिस व्हर्लीन. थोडा वेळ बोलू नका फक्त."

ती बसली. तळ्याचं पाणी पाइनच्या पानांनी चहासारखं झालं होतं. लाटा करणारं यंत्र लांबच्या कडेला घुरघुरत होतं आणि मधोमध पिवळा बोया डुलत होता. या बोयांची साखळी, रंग, नट-बोल्ट तिनं पै न् पै लिहिले होते. एखादा पाण्यावर कसा दिसतो ते मात्र कधी येऊन पाहिलं नव्हतं. आधी तिच्या डोक्यात मिस ब्रमफील्डचा प्रश्न फिरत राहिला. मग तो विरत गेला. बोया डावीकडं कले, उजवीकडं येई, पुन्हा डावीकडं. झाडांवरून लोंबणारं शेवाळ त्याच लयीत हलतंय असं वाटू लागलं. आपणही हलतोय की काय, म्हणून तिनं जमिनीवर हात टेकला. लहानपणी आई अंगणात चादरी वाळत घालायची आणि ती खालच्या गवतात पडून पांढरं आभाळ हलताना बघायची, तसं काहीसं होत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग तिला दिसलं. आठ-नऊ हेलकाव्यांनंतर बोया एका बाजूला जरासा रेंगाळे, काहीतरी आठवत असल्यासारखा, आणि मगच परते.

"थांबतो तो," ती हळूच म्हणाली.

एल्रेचा चेहरा उजळला. "दिसलं ना? पहिला बोयाही असाच थांबायचा. मोजणारी यंत्रं म्हणत होती, सगळं ठीक. पण तळाची वजनाची पट्टी दोन बोटं सरकून बसली होती. ती आम्ही हलवली, तेव्हा तो सुधारला. हा दुसरा, त्याच साच्यातला. सोमवारी याचीही हलवायची. असाच समुद्रात गेला असता, तर जन्मभर लाटा खोट्या सांगत बसला असता."

"मग पत्रकात हे लिहिलं का नाहीस, बाबा?"

"रकाना बघा केवढा, बोटभर! आणि पाहिलाच ना मी? खोटं कुठं लिहिलं?"

व्हर्लीन म्हणाली, "सहाही दिवस लागले?"

एल्रेनं टोपी काढली, पुन्हा घातली. "पाचव्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमाराला कळलं."

"आणि पुढं?"

"पुढं नुसता बसलो. चाळीस वर्षं मी लोखंडाकडं फूटभरावरून बघितलंय, तेही काळ्या काचेतून. आपण केलेली वस्तू पाण्यावर अशी झोपाळ्यासारखी झुलते, हे माहीतच नव्हतं हो. उठवेना."

तिनं मनात हिशेब केला. पस्तीस तास कामाचे. अकरा नुसते बसण्याचे.

"ते अकरा तुला वेगळे काढावे लागतील. एकच रेघ ओढ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिही, सही कर, आजची तारीख घाल. मी हात लावणार नाही. तास तुझे आहेत."

"पगार कापणार?"

"मिळाला तो मिळाला. सरकार भरून देणार नाही, एवढंच. डडली सोसेल."

"डडली मला सोलेल!" एल्रे म्हणाला, पण खिशातून पेन काढलं.

डडलीनं ऐकलं तेव्हा त्याची मान लाल झाली. "आपणहून सोडतेस? पस्तीस काय नि सेहेचाळीस काय, त्या बाईला कसं कळणार होतं?"

"मला कळलंय ना आता. माझ्या सहीनं जातं ते."

"आणि तू स्वतः किती वेळ बसलीस तिथं?"

"दीड तास. एक जेवणाच्या सुट्टीतला. उरलेला अर्धा मी न भरून मिळणाऱ्या खर्चात टाकलाय. तोही तुमच्याच खिशातून."

डडली ‘धन्य आहेस’ असं काहीसं पुटपुटत शेडमध्ये निघून गेला.

मिस ब्रमफील्डनं दुरुस्त केलेलं पत्रक वाचलं, वजनाच्या पट्टीचा बदललेला नकाशा मागवला, तारखा जुळवल्या. "पाहणं हे काम असू शकतं, मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण काय दिसलं ते लिहायला हवं होतं." मग ती तळं बघायला गेली. व्हर्लीननं तिला बादली दिली. सँडविचचा कागद मांडीवर तसाच ठेवून ती बराच वेळ बोयाकडं बघत बसली, आणि एकदा, तोही पुसटसा, तिचा आवाज आला, "अरेच्चा!"

पस्तीस तास मंजूर झाले, अकरा बाजूला पडले. पुढच्या महिन्यात व्हर्लीननं पत्रकाचा रकाना तिप्पट रुंद केला. एल्रे त्यात आता इतकं लिही, की फोरमन वैतागे.

मे महिन्यात दोन्ही बोये समुद्रात निघाले, तेव्हा तिनं एक दिवसाची रजा टाकली आणि एल्रेबरोबर बोटीवर चढली. किनारा दिसेनासा झाल्यावर पाणी गढूळाचं हिरवं आणि हिरव्याचं निळं झालं. क्रेननं पहिला बोया खाली सोडला. साखळी कितीतरी वेळ खडखडत जात राहिली, मग गप्प झाली. बोया एकदा खोल कलला, सावरला आणि डुलू लागला. व्हर्लीन कठड्याला रेलून मोजत होती. आठ. नऊ. दहा. कुठंच अडखळला नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"आहे," एल्रे म्हणाला.

दुसराही तसाच गेला. परतताना ती दोरांच्या वेटोळ्यावर ऊन अंगावर घेत बसली आणि बसल्या बसल्याच तिला झोप लागली. बंदराचा धक्का आला, माणसं उतरू लागली, तरी एल्रेनं कुणालाच तिला उठवू दिलं नाही.