तिसऱ्या बाकावरचा हात

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. लैंगिक अत्याचार कसे रोखता येतील, यावर परवा वर्गात बोलत होते. एरवी आमच्याकडे मुली एका बाजूला बसतात, मुलं दुसऱ्या. त्या दिवशी मीच हट्टाने सगळ्यांना मिसळून बसवलं होतं. चारचौघांदेखत काही वाईट घडलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि कुणीच हलत नाही, हे समजावत होते.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलाचा हात शेजारच्या मुलीच्या खांद्यावर पडला आणि खाली सरकला. ती आक्रसली. मागच्या दोघांनी पाहिलं, एकमेकांकडे बघितलं आणि वहीत डोकं घातलं. मी फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा लिहायला घेतला.

न कळल्यामुळे माणसं गप्प बसतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. म्हणून तर शिकवायचं. पण मला तर सगळं कळत होतं.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "मॅडम, तुम्ही बघितलंत ना?"

वर्गात अजून पाच-सहा जण रेंगाळत होते. मी आधी त्यांच्या तोंडांकडे बघितलं. मग तिला म्हटलं, "काय गं?"