सरकलेली पट्टी

आमच्या आत्याच्या मुलाला सगळे कडीकाढ्या म्हणतात. लहानपणी खोड्या केल्या म्हणून बाहेरून कडी लावून कोंडला, तरी हा आतून खुडबुड करत कडी काढून अंगणात हजर. तेव्हा पडलेलं नाव. याच गुणावर पुढं त्याचं पोट चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण चाललं. कंपन्या त्याला लेखी देतात, की बाबा, आमच्या संगणकांच्या जाळ्यात घुसून दाखव. हा घुसतो. कुठून घुसलो, आत काय काय हाताला लागलं, भोक कसं बुजवायचं, ते सगळं लिहून देतो. बैल जायच्या आधी झोपा करायचा, असा तो धंदा.

सतरा वर्षं झाली. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावर तीन खोल्या, चार माणसं नि त्या चौघांवर एक मालकीणबाई. पहिल्यांदा एका कंपनीत शिरला तेव्हा हा खुर्चीतून उठून उभा राहिला होता म्हणे. आता आत गेला की नुसतं म्हणतो, "गेलो." लाइट गेली हे सांगायला माणूस जेवढा जीव खर्च करतो तेवढाच. बायको विचारते, आज काय केलंत? हा म्हणतो, काम. मुलगी वर्गात पहिली आली. हा म्हणाला, बरं. वाईट नाही माणूस. दगडावर पाणी ओतलं की दगड ओला होतो नि वाळतो, तसा झालाय.

तर पंप बनवणारा एक कारखाना होता. त्यांनी फोनवरून फसवून बघायचीही परवानगी दिली होती. कडीकाढ्यानं एका मंगळवारी सहा जणांना फोन लावले. पहिला फोन स्टोअरमधल्या बाईंना. नट, बोल्ट, वायसर यांची आवकजावक त्या संगणकावर चढवायच्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"नमस्कार ताई, संगणक विभागातून बोलतोय. तुमचं खातं दुपारनंतर बंद पडेल असं दिसतंय."

"पडू दे मेलं. सकाळपासून चालतंय कुठं?"

"चालू करून देतो की. पासवर्ड तेवढा सांगा, इथून तपासतो."

"कुणाला सांगू नका म्हणून भिंतीवर कागद तुम्हीच डकवलाय."

"तो बाहेरच्यांसाठी, ताई."

"हं. घ्या लिहून मग. आणि हसायचं नाही. कंटाळा, पुढं नऊ. दर महिन्याला बदला म्हणता, म्हणून आकडा बदलते. कंटाळा तोच असतो."

हा हसला नाही. हसू आलंच नाही. "गेलो," म्हणाला.

बाईंच्या खात्यावरून खरं तर नट-बोल्टच दिसायला हवे होते. पण कारखान्यानं कुणाच्या खात्याला कुंपणच घातलं नव्हतं. चार वाजेपर्यंत पंपांची सगळी रेखाचित्रं, सगळ्यांचे पगार, मालकांची पत्रं याच्यापुढं उघडी पडली होती.

या धंद्याची एक रीत आहे. अहवालात माणसाचं नाव घ्यायचं नाही. फसतं ते माणूस, पण दोष दाराचा लिहायचा. पुरावा म्हणून फोनवरचं बोलणं नि पडद्याची चित्रं जोडायची नि नावांवर काळ्या पट्ट्या टाकायच्या. मग त्या पानांचा फोटो काढायचा नि तोच पाठवायचा, म्हणजे पट्टी नि पान एकजीव होतं. नाहीतर पट्टी नुसती वर ठेवलेली असते, पातेल्यावरच्या झाकणासारखी. कडीकाढ्यानं पट्ट्या टाकल्या, फोटोही काढले. पण कच्च्या फाइलला नि पक्क्या फाइलला त्यानं नाव एकच दिलेलं. कारखान्याचे मॅनेजर घाई करत होते. यानं पाठवली ती कच्ची.

दोन महिन्यांनी मॅनेजरचा फोन आला.

"गुरुवारी आमच्याकडे चौकशी आहे. साक्षीला या. स्टोअरच्या बाईंना घरी बसवलंय."

"नावं आम्ही देत नाही, साहेब."

"दिलंत की. पट्टी माउसनं धरली, बाजूला केली. खाली अख्खं नाव." ते हसले. "तुम्ही दुसऱ्यांची दारं तपासता होय?"

यानं पाठवलेली फाइल उघडून बघितली. पट्टी सरकली. परत जागेवर ठेवली, परत सरकली. मग जाऊन मालकीणबाईंना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जा नि विचारतील तेवढ्याला हो म्हणून ये. आपली चूक आपणहून बोलायची नाही. हे गिऱ्हाईक गेलं तर चौघांतला एक कमी करावा लागेल. तो कोण, हे मला बोलायला लावू नकोस."

घरी बायकोला सांगितलं, तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दोर तुमचा."

"हं."

"काय हं? त्या बाईची नोकरी जाईल. काही वाटतं का तुम्हाला?"

यानं खरंच आत हात घालून चाचपल्यासारखं केलं. "नाही," म्हणाला. "पण जाऊ नये."

गुरुवारी गेटवरच्या रखवालदारानं त्याच्या गळ्यात पाहुण्याचा पास अडकवला. चौकशीची खोली लांबट, खिडकीला लोखंडी जाळी. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर, खरेदीचे साहेब नि कागद लिहून घेणारी एक बाई. समोर स्टोअरच्या बाई, मांडीवर पिशवी. मॅनेजरपुढच्या लॅपटॉपवर तोच अहवाल उघडा होता.

"या बाईंनी तुम्हाला पासवर्ड सांगितला?"

"हो."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. आवाज ओळखला.

"त्याच्यावरून कंपनीची गुप्त माहिती तुम्हाला मिळाली?"

"हो."

"संपलं," मॅनेजर म्हणाले. "या तुम्ही."

हा उठला नाही. "त्या खात्यावरून ती माहिती दिसायलाच नको होती. ते कुंपण घालणं यांचं काम नव्हतं, तुमचं होतं. तिसऱ्या पानावर लिहिलंय. आणि नाव तुम्हाला दिसलं ते माझ्या चुकीनं. चुकीची फाइल गेली."

"तो तुमचा घरचा प्रश्न."

"आणि त्या दिवशी मी सहा जणांना फोन केले. चार जणांनी पासवर्ड दिला."

लिहिणाऱ्या बाईचा पेन थांबला. मॅनेजरनं स्टोअरच्या बाईंचं नाव सापडल्यावर पुढची पानं बघितलीच नव्हती. हवं ते मिळालं की माणूस शोधणं सोडतो.

"बाकीचे तिघं कोण?"

"ते सांगायची रीत नाही."

त्या तिघांतला एक टेबलापलीकडंच बसला होता. खरेदीचे साहेब. त्यांनी तर विचारायच्या आतच पासवर्ड दिला होता, कुत्र्याचं नाव नि वर कुत्र्याचं कौतुक. आता ते पाण्याच्या ग्लासाकडं बघत होते. मॅनेजरचा हात माउसकडं गेला. एक पट्टी धरून सरकवायची एवढंच काम.

"असू द्या हो," खरेदीचे साहेब म्हणाले. "बंद करा ते. एका बाईसाठी सगळा कारखाना उकरायचाय का?"

मॅनेजरनं त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग लॅपटॉप मिटला.

अर्ध्या तासानं निकाल. बाईंना कामावर ठेवलं. लेखी ताकीद दिली, संगणक काढून घेतला. राहिलेली दोन वर्षं स्टोअरमध्ये माल हातानं मोजायचा नि वहीत लिहायचा.

बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी याला गाठलं.

"तुम्हीच ना ते? बाहेरच्यांसाठी म्हणणारे?"

"हो."

"आवाज भारी आहे तुमचा. माझ्या भाच्याचा वाटला होता."

हा गळ्यातल्या पासची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"बाकीच्या तिघांत साहेब होते का कुणी? खरेदीचे साहेब घामाघूम झाले होते म्हणून विचारते."

"सांगता येत नाही, ताई."

"माझं मात्र आलं."

"चुकलं माझं."

"ते तुम्ही आत बोललात. ऐकलं मी. नोकरी राहिली त्यानं, तेही कळतंय मला, अडाणी नाही मी. मी विचारतेय ते दुसरं. त्यांचं झाकलंत ते रीत म्हणून. माझं उघडं पडलं ते चुकून. मग आत बसून तुम्ही त्यांचंही उघडं का नाही पाडलंत? म्हणजे फिट्टंफाट झाली असती."

यानं उत्तर शोधलं. रीत, हे एक होतं. पण ते त्या आधीच बोलून बसल्या होत्या. गिऱ्हाईक, हे दुसरं. पण ते तर आता गेल्यातच जमा होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बाईंनी पिशवी काखेत मारली. "बरं. पाचपर्यंत पाळी आहे माझी. वायसरची आठ पोती मोजायचीत. तुमच्यामुळंच."

त्या स्टोअरकडं गेल्या. हा गेटकडं गेला नि थेट रस्त्यावर आला. मागून रखवालदार हाका मारत होता, त्या कुणासाठी आहेत हे याच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं.

"अहो साहेब, पास. पास द्या की आमचा."