मिलिंदला मी ‘थांब’ म्हणालो

हे बायकोलाही माहीत नाही. तिनं कारखान्याचा विषय काढला की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. ती म्हणते, कान गेले का तुमचे? कान शाबूत आहेत — तेच तर दुखणं आहे.

शिरोलीला आमची फाउंड्री होती. लोखंड वितळवून गाड्यांचे सुटे भाग ओतायचे. मी सुपरवायझर. मालक कारखाना कर्नाटकात नेणार अशी कुणकुण लागली आणि माझ्यामागं कटकट सुरू झाली. चहाच्या गाड्यावर, गेटवर, संडासाच्या दारातसुद्धा — जाणार का राहणार? मी वैतागायचो. मलाच का विचारता? मी काय मालक आहे?

असं तोंडानं म्हणायचो. पण मला माहीत होतं. मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं — दिवाळीनंतर हलवायचं, तुम्हाला तिकडं घेतो, फक्त हातातली ऑर्डर निघेपर्यंत चांगली माणसं सोडून जाता कामा नयेत.

चांगली माणसं म्हणजे कोण, हे सांगायला हवं. मिलिंद कांबळे. साचे करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला वारणानगरला कायमची नोकरी मिळत होती. आठ दिवसांत कळवायचं होतं. एका रविवारी दुपारी तो बायकोला, सुजाताला, घेऊन शिवाजी पेठेत माझ्या घरी आला. मी नुकता आडवा झालो होतो.

“दादा, तुम्ही म्हणाल तसं,” मिलिंद म्हणाला. “जाऊ का ऱ्हाऊ?”

सुजाता म्हणाली, “खरं काय हाय ते सांगा की. आमाला दुसरं कोण हाय इचारायला?”

“अफवा हाय सगळी,” मी म्हणालो. “कारखाना कुटं जात न्हाय. थांब तू.”

जीभ अडखळली असती तरी बरं झालं असतं. तीही नाही. मनात एवढंच होतं — ही दोघं कधी उठतायत? झोपमोड झाल्याचा राग होता मला. एखाद्याचं घर बुडवताना माणसाला निदान भीती तरी वाटावी, नाही का?

त्यानं ती नोकरी नाकारली. दिवाळीनंतर गेटवर नोटीस लागली. तिकडं तिथलीच माणसं घ्यायचं ठरलं. इथून आम्ही चौघंच गेलो. मिलिंद वारणानगरला जाऊन आला, तर जागा भरलेली. आता तो मार्केट यार्डात पोती उचलतो. सुजाता दोन घरी स्वयंपाक करते.

आणि तरी मी सुट्टीला इकडं आलो की तो मला भेटतो आणि हसतो! कशाला हसतो? शिव्या का घालत नाही?

गेल्या महिन्यात कारखान्यातल्याच एकाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत जुन्या कामगारांपैकी कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, सुपरवायझरला समदं ठाऊक हुतं. मी पानावरून मान वर केली नाही. मिलिंद उठून उभा राहिला.

“दादांचं नाव घ्यायचं न्हाय,” तो म्हणाला. “मालकानं त्यास्नीबी अंधारात ठिवलं. इचारा त्यास्नी.”

सगळे माझ्याकडं बघत होते. तीसेक माणसं. सुजातासुद्धा.

“व्हय,” मी म्हणालो.

मिलिंद खाली बसला. वाढप्याला हाक मारून त्यानं माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढायला लावली. ती मी खाल्ली.