अभ्र्याचा शेवटचा तुकडा

"थांब गं जरा," म्हणत मामा दगडावर टेकले. "गुडघे राजीनामा देताहेत."

घरातून निघून तासभर झाला होता आणि टेकाडाचा अर्धा चढ अजून बाकी होता. मामांच्या खांद्याला त्यांचा जुना डबा. तसा डबा कुणाच्या खांद्याला दिसला की मला आजही तो चढ आठवतो.

तोच डबा घेऊन मामा तीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेले. डोझर चालवायचे. आधी वरची माती खरवडून बाजूला लोटायची, मग खालून निघालेला दगडगोटा तिच्याच उरावर ओतायचा. हे टेकाड असंच झालेलं. खाण बंद झाल्यावर त्यावर दोनदा रोपं लावली, दोन्हीदा वाळली.

निवृत्त झाल्यावर मामा त्या डब्यात माती नेऊ लागले. शाळेमागच्या जुन्या झाडाखालची. खाण तिथवर पोचली नव्हती. दर रविवारी एक डबा, रोपाच्या बुडाशी मूठमूठ. "विरजण लावतोय," म्हणायचे.

मामी हसायची. "नेलीत डोझरने, आणताय डब्याने! पुढचे दोन-चार जन्म मोकळे ठेवा म्हणजे झालं."

पण परीक्षा तिनेच सुचवली. दोरीवरून पडलेला एक अभ्रा तिच्या परसात पाल्याखाली राहिला आणि दोन-तीन महिन्यांत त्याची जाळी झाली. "जिवंत माती कापड खाते," ती म्हणाली. "तुमच्या टेकाडाला विचारा, भूक लागलीय का." मग एक जुना सुती अभ्रा कापून तिने आठ तुकडे केले. दरवर्षी एक पुरायचा, वर खुणेचा दगड ठेवायचा आणि वर्षाने उकरून बघायचा.

पहिला निघाला तो धुऊन पुन्हा वापरावा इतका धड. दुसराही तसाच. तिसरा उकरायच्या आधी मामी गेली.

मामांनी एकट्याने चढू नये म्हणून मी सोबत जाऊ लागले. धड तुकडा ते झटकून खिशात ठेवत आणि उतरू लागत. एकदाच म्हणाले, "मीच मारली गं ही माती." मनात देवाचं नाव घेत मागून चालत राहिले. सहाव्या तुकड्यावर दोन पिवळे डाग होते, ते त्यांनी उन्हात धरून तीनतीनदा पाहिले.

त्या दिवशी सातवा होता. मामांनी दगड सरकवला, खुरपं लावलं. कापड लागेना. बोटांनी चाचपत गेले तेव्हा शिवणीचा दोरा हाती आला, त्याला चिकटलेली बोटभर चिंधी, तीही चाळणी झालेली. खाली माती काळसर, ओलसर. एक गांडूळ लगबगीने आत शिरत होतं.

"खाल्लं!" मामा ओरडले. "अगं, ताट चाटूनपुसून साफ! तुझ्या मामीला दाखवायला हवं होतं."

मी हात जोडले. त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग त्यांनी खिशातून आठवा तुकडा काढला. अभ्र्याचा कोपरा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मामीने त्यावर निळं फूल भरलेलं. मेलेल्या मातीत तो घालवायचा नाही म्हणून दरवर्षी मागे राहिलेला.

"आता द्यायला हरकत नाही," ते म्हणाले. तुकडा माझ्या हातात ठेवला, डबा उघडून पुढ्यात सरकवला. "पण माझ्या हातून नाही व्हायचं. तू पुर. आणि पोरी, हा मात्र कधी उकरू नकोस."