सर्पमित्राच्या घरातला उंदीर

धुळ्याच्या देवपुरात युवराजभाऊंना दोन कारणांनी ओळखतात. एक म्हणजे त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की पार शिंदखेड्याकडचे शेतकरी ती पोत्यात बांधून त्यांच्याकडे घेऊन येतात आणि तांब्याची नवी तार भरून नेतात. दुसरं कारण साप. कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या गोठ्यात साप निघाला की लोक आधी युवराजभाऊंना फोन लावतात आणि मग निवांत ओरडायला लागतात.

माणूस अंगानं जाड, चालीनं संथ. घाई केलेली त्यांना कुणी पाहिलेली नाही. आमच्याच गल्लीतले बन्सीनाना, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, त्यांच्या स्कूटरच्या सीटखाली एकदा नाग जाऊन बसला होता. अख्खी गल्ली गच्चीवर चढली. युवराजभाऊ हातातला चहा संपवून आले, कप कठड्यावर ठेवला, आकडीच्या काठीनं नाग हळूच बाहेर काढला आणि पाइपातून कापडी पिशवीत जाऊ दिला. जाताना रिकामा कप परत द्यायलाही विसरले नाहीत. नानांनी मात्र ती स्कूटर पुढच्याच आठवड्यात विकून टाकली.

असा हा माणूस घरात शिरलेल्या एका उंदरामुळे गच्चीवर झोपायला जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

झालं असं, की होळीच्या आधी त्यांच्या मामांनी गावाकडून नव्या दादरचं पोतं पाठवलं. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. युवराजभाऊंच्या आईला, द्रौपदाबाईंना, तिच्याशिवाय दुसरी भाकरी गोड लागत नाही. पोतं स्वयंपाकघराच्या दारामागं ठेवलं. उंदीर त्या पोत्याबरोबर आला की पोत्याच्या वासानं आला, यावर त्या घरात अजूनही दोन मतं आहेत. पण काही दिवसांत पोत्याचा कोपरा कुरतडलेला दिसला, खाली दाणे सांडलेले आणि दाण्यांत काळ्या लेंड्या. युवराजभाऊंच्या बायकोनं, प्रज्ञानं, रात्रीच्या जेवणात ही गोष्ट सांगितली. ती अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर पंचवीस पोरांना आवरते, तिला उंदराचं काही विशेष नव्हतं. युवराजभाऊ घास हातात धरून थांबले आणि म्हणाले, पाल असेल. पाल कधीपासून ज्वारी खायला लागली, असं द्रौपदाबाईंनी विचारलं. त्यांनी घास तसाच ताटात ठेवला.

त्यानंतर त्यांच्या वागण्यात फरक पडला. दुकान उशिरा बंद व्हायला लागलं. झोपायला ते गच्चीवर जायला लागले. अजून पहाटे गोधडी लागत होती, तरी खाली फार उकडतं म्हणायचे. घरात शिरताना आधी दारात उभं राहून खोकायचे. स्वयंपाकघरात तर पाऊलच टाकेनात. पाणी हवं असलं तरी बाहेरच्या खोलीतून मागायचे. प्रज्ञाला वाटलं, दुकानात काहीतरी बिनसलंय.

एका संध्याकाळी द्रौपदाबाईंनीच त्यांना स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. वांग्याचं भरीत होतं, तव्यावरची गरम भाकरी ताटात पडत होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. ते पाय लांब करून बसले. दुसरी भाकरी मोडली आणि कपाटाखालून एक चांगला पोसलेला उंदीर निघाला, त्यांच्या नडगीवरून पलीकडे गेला आणि सिलिंडरमागं नाहीसा झाला. पुढचं प्रज्ञानं नंतर गल्लीत सगळ्यांना सांगितलं. ती म्हणते, मी तव्यावरची भाकरी उलटली आणि मागं वळून पाहिलं तर हे बाहेरच्या खोलीत कॉटवर उभे. ताट हातात आहे, भरीत ताटात आहे, कधी उठले आणि कधी गेले ते मला कळलंच नाही.

प्रज्ञा हसायला लागली ती थांबेचना. फ्रिजला टेकून खालीच बसली. द्रौपदाबाईंचं जेवण चालूच होतं. त्यांनी घास गिळून सुनेला समजावलं, "तेले लहानपने उंदर चावना व्हता. झोपेत, पायना अंगठाले. तव्हाफाईन घाबरस." आणि पुन्हा भरताकडे वळल्या.

प्रज्ञाचं हसू आणखी वाढलं. नागाला पिशवीत घालणारा आपला नवरा, आणि कॉटवर उभा. तेव्हा युवराजभाऊ वरूनच म्हणाले, "हसू नको प्रज्ञा. भीती काय कुणी हौसेनं बाळगत नाही."

तिचं हसू तिथंच थांबलं. उठली, गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली.

"हे मी म्हणाले होते तुम्हाला," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी. लोणच्याची बरणी म्हणून उघडायला गेले आणि आत तुम्ही ठेवलेली धामण. मी रडले, तर तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी गल्लीला सांगितलंत. बन्सीनाना अजून मला विचारतात, लोणचं कसं आहे."

युवराजभाऊंना ती बरणी आठवत होती. गमतीची गोष्ट म्हणून त्यांनी ती कितीदा सांगितली होती त्याला गणती नव्हती. प्रज्ञाला सापांची सवय झाली, असंच ते धरून चालले होते. सवय वगैरे काही झाली नव्हती. उशिरा पकडलेला साप सकाळी वनखात्याला कळवून सोडायचा म्हणून घरात ठेवलेला असला, की ती रात्रभर जागी असायची. पिशवीला घातलेली गाठ पुन्हा पुन्हा तपासावी असं वाटायचं, पण जवळ जायची हिंमत नसायची. हे सगळं तिनं त्या दिवशी शांतपणे सांगितलं. ते कॉटवरून खाली उतरले. ताट टीपॉयवर ठेवलं. मग म्हणाले, "आता साप घरात येणार नाही. कुठलाही. जिथं धरला तिथून सरळ सोडायला."

"आणि उंदीर मी बघते," प्रज्ञा म्हणाली. "पण निदान पिंजरा तरी तुम्ही आणा."

त्यांनी पिंजरा आणला. त्यात भजं लावलं, खोबरं लावलं, शेव लावली. उंदीर साबण खायचा, टीव्हीची वायर कुरतडायचा, दिव्याच्या वाती पळवायचा, पण पिंजऱ्याकडे बघायचा नाही. मग कुणीतरी चिकट पुठ्ठा सुचवला. पुठ्ठ्यावर असा डिंक असतो, की उंदीर आला की चिकटून बसतो. तोवर बातमी गल्लीभर झाली होती आणि सल्ला द्यायला रोज कुणी ना कुणी यायचं. बन्सीनानांनी तर अर्धा दिवस विचार करून उपाय काढला, की एक धामण आणून रात्रभर घरात मोकळी सोडावी, सकाळी उंदीरही नाही आणि खर्चही नाही. प्रज्ञा हातात झारा घेऊन बाहेर आली. नानांनी विषय बदलला, उंदराची वाट कुठून आहे ते आपण बघतो म्हणाले, आणि पाहणी करून दमल्यावर स्वयंपाकघरातल्या पाटावर टेकले. पाटावर पुठ्ठा होता. नानांचा पायजमा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. शेवटी युवराजभाऊंची लुंगी नेसून ते घरी गेले आणि पायजमा पुठ्ठ्यासकट प्रज्ञाकडेच राहिला. लोणच्याचा विषय त्यानंतर नानांनी काढलेला नाही.

उंदीर सापडला तो द्रौपदाबाईंमुळे, पण त्यांनाही तसा अंदाज वगैरे काही नव्हता. त्यांची उरलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी होती, ठेचा लावलेली. फेकायचं जिवावर आलं म्हणून त्यांनी ती पिंजऱ्यात टाकली आणि विहारात निघून गेल्या. प्रज्ञा अंगणवाडीत होती. युवराजभाऊ जेवायला घरी आले, दारात उभं राहून खोकले, आणि आतून पिंजऱ्याचा खटका पडल्याचा आवाज आला.

घरात ते आणि उंदीर, दोघंच. पिंजऱ्याची स्प्रिंग जुनी होती. उंदीर आतून धडका देत होता आणि दार थोडं थोडं वर उचललं जात होतं. प्रज्ञाला बोलवावं तर ती येईपर्यंत गडी निसटणार. ते दारातच थिजून उभे राहिले. मग त्यांची नजर खुंटीवरच्या आकडीच्या काठीकडे गेली. ती हातात आल्यावर थोडं बरं वाटलं. दोन हात लांबून त्यांनी काठीनं पिंजऱ्याचं दार दाबून धरलं, खिशातून वाइंडिंगची तार काढली, डोळे अर्धे मिटले आणि दाराला वेढे घालायला सुरुवात केली. नेहमी तारेचा एक वेढा चुकला तर पुन्हा सगळं उसवणारा हा माणूस, त्या दिवशी त्यानं इतकी तार गुंडाळली, की पिंजरा मोटारीसारखा दिसायला लागला. उंदराच्या मिशा एकदा त्यांच्या बोटाला लागल्या. तेव्हा ते ओरडले. घरात कुणी नव्हतं, म्हणून हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं तेव्हाच कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. साक्री रोडला एका घरात सिलिंडरमागं नाग, घरात म्हातारी माणसं, लवकर या. जायला तर हवंच. पण उंदराला असाच ठेवून गेलो आणि आई आली, तिनं तार सोडली तर? त्यांनी काठीच्या टोकाला पिंजरा अडकवला, लांब हात करून तो स्कूटरच्या पुढच्या हुकाला, पायांपाशी लावला आणि गुडघे जमतील तितके बाहेर काढून अंगणवाडी गाठली. पोरं नुकतीच घरी गेली होती. प्रज्ञानं एकदा पिंजऱ्याकडे आणि एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. काही न विचारता तिनं पिंजरा मांडीवर घेतला आणि मागं बसली. इतक्या वर्षांत साप धरायला ती त्यांच्याबरोबर पहिल्यांदा चालली होती, तीही उंदरामुळे.

त्या घरापुढं गर्दी होती. प्रज्ञा रस्त्याच्या पलीकडे, एका दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या हातातला पिंजरा बघून लोकांची खात्री पटली, की युवराजभाऊंनी आता नवी पद्धत काढली आहे. उंदीर दाखवायचा आणि नाग बाहेर बोलवायचा. एकानं तर पिंजरा आत नेऊन देऊ का, असं अदबीनं विचारलं. एवढी तार कशाला, यावरही चर्चा झाली. विजेचा काही प्रकार असावा, असं ठरलं.

दार उघडंच होतं, त्यामुळे प्रज्ञाला आतलं दिसत होतं. युवराजभाऊंनी आधी घरातल्या आजींना हात धरून बाहेर आणून बसवलं. मग सिलिंडर हळूहळू सरकवला. नागानं फणा काढला तशी प्रज्ञा पायरीवरच मागं सरकली. पण नवरा ज्या संथपणानं उभा होता, तसं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. घरी तिनं साप पाहिले होते ते पिशवीत किंवा बरणीत. त्यांचं धरणं कधी बघितलं नव्हतं. ते नागाशी काहीतरी पुटपुटत होते. दुकानात जळालेली मोटार उघडताना पुटपुटतात, तसंच. नाग पाइपात गेला, पाइपातून पिशवीत, गाठ बसली. त्यांनी गाठ ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा बांधली. आज दुसऱ्यांदा बांधलेली ती गाठ तिच्यासाठी होती, हे तिला कळलं.

वनखात्यात फोन करून झाला. आता प्रश्न असा होता, की नाग आणि उंदीर दोघांनाही सोडायचं, आणि स्कूटर एक. पिशवी बंद डब्यात घालून पायाशी, पिंजरा प्रज्ञाच्या मांडीवर, अशी वरात लळिंगच्या डोंगराकडे निघाली. झाडोऱ्यात नाग सोडला. तो दगडांत दिसेनासा होईपर्यंत प्रज्ञा स्कूटरजवळच उभी होती. मग तिनं पिंजऱ्याची तार सोडायला घेतली.

"इथं नको," युवराजभाऊ म्हणाले.

"का?"

"आत्ताच तो गेला. लगेच याला सोडायचं म्हणजे आपण ताट वाढून दिल्यासारखं होईल."

प्रज्ञा त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या उंदरामुळे या माणसानं गच्चीवर कुडकुडत रात्री काढल्या, त्याच्याच जिवाची त्याला काळजी. तिला पुन्हा हसू येत होतं. या वेळी तिनं ते आवरलं. पुन्हा सगळं धुळं ओलांडून ते नकाण्याच्या तलावाकडे आले. तिथं एका पडीक शेताच्या बांधावर तिनं तार उलगडायला सुरुवात केली. वेढे संपता संपेनात. युवराजभाऊ आधी लांब उभे होते, मग दोन पावलं पुढं आले आणि तारेचं सुटं टोक त्यांनी हातात धरलं, ती उलगडत गेली तसं गुंडाळत गेले. चांगली तार होती, वाया कशाला घालवायची. दार उघडलं तेव्हा उंदीर लगेच बाहेर आलाच नाही. उरलेला भाकरीचा तुकडा त्यानं आधी संपवला. मग बाहेर पडला आणि बांधाच्या कडेनं, काही घाई नसल्यासारखा, गवतात गेला. युवराजभाऊ या सगळ्या वेळात जागचे हलले नाहीत. डोळे मात्र त्यांनी उघडे ठेवले होते का, हे प्रज्ञा सांगत नाही.

परत येताना त्यांनी देवपुरात एका टपरीवर चहा घेतला. प्रज्ञानं विचारलं, तुम्ही नागाशी काय बोलत होता. ते लाजले. काही नाही, म्हणाले, घाबरू नको, एवढंच म्हणतो मी दर वेळी. ती म्हणाली, मलाही तेवढंच म्हणायला हवं होतंत तुम्ही, त्या बरणीच्या वेळी. त्यांनी मान हलवली आणि तिच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.